आत्याच्या हातावरचं नाव

चित्रकार म्हटलं की लोक दोन गोष्टी विचारतात. एका चित्राला किती दिवस लागतात, आणि पोटासाठी काय करता? पहिल्याचं उत्तर मला पस्तीस वर्षांत नीट देता आलेलं नाही. दुसऱ्याचं सोपं होतं. पोटासाठी मी मेलेली माणसं काढत होतो.

संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात एका स्टेशनरीच्या दुकानावर माझी खोली होती. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, 'फोटोवरून तैलचित्र काढून मिळेल'. लोक यायचे ते बहुतेक तेराव्याच्या आसपास. हातात एखादा मतदान ओळखपत्रावरचा फोटो, नखाएवढा. त्यावर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर मोठ्या आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. ही विद्या कुणालाही महिन्याभरात येते. न येणारी गोष्ट पुढं असते. फोटोत नसलेलं माणूस काढावं लागतं. 'भाऊंना कोट घाला', 'आईच्या नाकात नथ पाहिजे, तिची राहून गेली', असं लोक सांगायचे आणि मी घालायचो.

वैजापूरच्या एका आडत्यानं वडिलांचा एकुलता एक फोटो आणला. लग्नातला, घोळक्यातला, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. म्हणाला, "डोळे उघडा." कोणाचे डोळे उघडू? मी सगळ्या भावंडांना बोलावून घेतलं आणि खिडकीजवळ ओळीनं बसवलं. धाकट्या बहिणीचे डोळे जुळतील असं वाटलं, तेच घातले. चित्र न्यायला त्यांची आई आली होती. वरचा कागद काढला तशी म्हातारीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. त्या दिवशी मला स्वतःच्या कामाचा फार अभिमान वाटला होता. अजून वाटतो.

मला जास्त शिकवलं ते सिल्लोडच्या एका कापूस व्यापाऱ्यानं. पांढरी दाढी, स्वच्छ कुडता. वडील जाऊन वर्ष झालं होतं. मी सवयीनं म्हणालो, फोटो दाखवा. ते म्हणाले, "मास्टरसाब, आमच्या घरात माणसाची तस्वीर लावत नाहीत. तुम्ही वालिदसाहेबांची दमणी काढा." दमणी म्हणजे बसून जायची हलकी बैलगाडी. तिचा फोटो नव्हता, गाडीही मोडीत निघाली होती. ते दोन तास बोलत बसले. कुठल्या बैलाचं शिंग वाकडं होतं, गादीचं कापड कुठून उसवलं होतं, उतरताना वालिदसाहेब कुठं हात टेकायचे. मी विचारलं, "आणि बसलेलं कोणीच नको?" ते म्हणाले, "बैठनेवाले कू हम देख लेंगे."

ते चित्र मी काढलं. रिकामी गादी, आणि हात टेकून टेकून गुळगुळीत झालेला एक दांडा. चेहरा न काढता माणूस काढता येतो हे मला तेव्हा कळलं, वयाच्या तिशीत.

नंतर फोटो कॉम्प्युटरवर मोठे व्हायला लागले. कोट, नथ, उघडे डोळे, सगळं पंधरा मिनिटांत. माझा जिना ओस पडला. मग मी हॉटेलांसाठी अजिंठ्याच्या राण्या काढल्या, मकबरा काढला, देवगिरीचा किल्ला काढला. शहर वाढत होतं, हॉटेलं वाढत होती, भिंती रिकाम्या होत्या. राण्यांच्या भुवया मी झोपेतही काढू शकलो असतो. शहरातल्या कलादालनाच्या व्यवस्थापिका, सगळे त्यांना बाई म्हणत, एकदा माझ्या खोलीवर आल्या. सगळं बघून म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. पण यात तुम्ही कुठं आहात?"

मला राग आला. मी कुठं आहे हे मीच तर लपवून ठेवलं होतं. आम्ही वैजापूरकडचे मेंढपाळ. आजोबा मेंढरांमागं फिरले, वडील अर्धं आयुष्य फिरले आणि मग गावात कोरडवाहू तुकड्यावर स्थिरावले. मी शहरात आलो आणि चित्रावर नुसतं 'सुदाम' अशी सही करायला लागलो. कुणी गाव विचारलं तर वैजापूर, घरी काय असतं विचारलं तर शेती. मेंढरांचं नाव मी पंचवीस वर्षं काढलं नाही.

मग तो दुष्काळ आला. सलग दोन पावसाळे कोरडे गेले. गावाकडं चारा नाही, पाणी नाही. माझा आतेभाऊ रंगनाथ मेंढरं घेऊन गोदाकाठानं नाशिककडं निघाला. बायको-मुलं त्याच्याबरोबर. मागं राहिली भिवराआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, साठीची. गुडघ्यांनी चालवेना. मामा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. रंगनाथ तिला माझ्या दारात सोडून गेला.

मी तेव्हा पडेगावच्या पुढं नव्या वसाहतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. तिसरा मजला. एकटाच होतो, बायको दोन वर्षांपूर्वी आजारात गेली होती, मुलगी पुण्यात. आत्या पहिल्या सकाळी गॅलरीत जाऊन उभी राहिली. मग लांब दिसणाऱ्या किल्ल्याकडं हात केला.

"किल्ला डाव्या हाताला. मंग हितंच की रं! ही पांढऱ्या मातीची पट्टी. हितं आमी मेंढरं बसवायचो. शेतकरी बोलवायचा, रानाला खत व्हावं म्हणून. तुझा मामा तिथं निजायचा, त्या पाण्याच्या टाकीपाशी."

"तिथं आता जिम आहे, आत्या."

"असू दे," ती म्हणाली. "माणसं हायेत नव्हं."

शहरातही पाण्याचे हाल होते. नळाला आठवड्यानं पाणी, तेही भरवसा नसलेलं. टँकर आला की सगळी वसाहत बादल्या घेऊन खाली. आत्या मात्र दिवसाला एका कळशीत आंघोळ, भांडी, सगळं उरकायची. बायका तिला बघायला यायच्या. वाटीभर पाण्यात ताट कसं धुवायचं हे तिनं अर्ध्या इमारतीला शिकवलं.

रिकामं बसणं तिला जमत नव्हतं. येताना तिनं लोकरीचं गाठोडं आणलं होतं. गॅलरीत बसून ती टकळीवर सूत काढायची. त्या सुताची घोंगडी विणणारा आमच्याकडचा शेवटचा माणूस कधीच वारला होता आणि लोकर कुणी फुकटही नेत नव्हतं. मी म्हणालो, "कशाला काततेस? कोण विणणार?"

"हाताला म्हाईत हाय म्हणून."

तिचे हात बघत मी बसलो होतो आणि मला वाटलं, हे काढावं. चेहरा नको, नुसते मांडीवरचे हात, टकळी आणि सूत. आत्या लगेच तयार झाली. पण तिची चोळी मनगटापर्यंत लांब बाह्यांची होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अशी घालत नाहीत. लहानपणापासून मी तिला तशीच पाहिलेली, म्हणून कधी लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, "आत्या, बाह्या थोड्या वर घेतल्या तर?"

तिनं एकदा मनगटाकडं बघितलं. मग तिनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. उजव्या हातावर तुळस, विंचू, ठिपक्यांच्या ओळी. डाव्या हातावर, आतल्या बाजूला, अक्षरं होती. म्हाळू.

मामांचं नाव म्हाळू नव्हतं. आमच्या घराण्यात कुणाचंच नव्हतं.

"आत्या, हे नाव कुणाचं?"

"वाच की. तुला येतंय नव्हं वाचायला."

"काढू?"

"जसं हाय तसं काढ."

इथं मी थांबायला हवं होतं. टकळी बाजूला ठेवायला लावून, समोर बसून नीट विचारायला हवं होतं. पण मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा खरं काहीतरी बघत होतो आणि मला चित्राची भूक लागली होती. उत्तर ऐकून ती अक्षरं सोडावी लागली असती, या भीतीनं मी विचारलं नाही.

गोंदण रंगवणं अवघड असतं. ते कातडीवर नसतं, आत असतं. वरून हिरवा रंग ओढला तर स्टिकर लावल्यासारखं दिसतं. आधी हिरवट-निळी अक्षरं काढायची, पूर्ण वाळू द्यायची, मग त्यांच्यावरून कातडीच्या रंगाचे पातळ थर द्यायचे, एकावर एक, अक्षरं बुडत बुडत दिसेनाशी होण्याच्या जरा आधी थांबायचं. तेलरंग वाळायला दिवस लागतात, आणि त्या वर्षी हवेत इतकी धूळ होती की ओल्या रंगावर ती रोज बसायची. मी चित्रावर जुनं धोतर ताणून ठेवायचो. दोन महिने गेले. पाऊस झाला, रंगनाथ परत आला आणि आत्याला घेऊन गेला. त्यानंतर मी आणखी सात चित्रं काढली, सगळी घरचीच. वडिलांची काठी, आईची चूल घोड्याच्या पाठीवर बांधलेली, असली. सहीत पहिल्यांदा पूर्ण नाव आणि गाव घातलं.

कलादालनाच्या बाईंनी ती आठही लावली. मी रंगनाथला आमंत्रणाचा फोन केला. तो मुलीच्या सोयरिकीच्या गडबडीत होता, येऊ शकला नाही. तिसऱ्या दिवशी शहरातल्या एका दैनिकानं हातांचं चित्र छापलं. चांगलं मोठं, रंगीत. अक्षरं स्पष्ट वाचता येत होती.

मला आनंद झाला तो सकाळी दहापर्यंत. दहाला रंगनाथचा फोन आला.

"दादा, पेपरातले हात आईचे हायेत ना?"

"हो."

"मग ते नाव कुणाचं?"

त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मागं माणसांची कुजबुज होती. मी म्हणालो, "अरे, चित्र आहे ते. चित्रात काहीबाही मनानं घालतो आपण."

फोन बंद झाला.

आयुष्यात मी गिऱ्हाइकांसाठी शेकडो खोट्या नथी काढल्या. पण खरं काढून त्याला खोटं म्हणण्याची वेळ ती एकच. रविवारी रंगनाथच्या मुलीची सुपारी फुटायची होती. मुलाकडचे मोठे, गावात वजन असलेले. नाव आत्याच्या आधीच्या नवऱ्याचं असणार, हे मी मनात ताडलं होतं. आमच्या समाजात पूर्वी बाईचं दुसरं लग्न व्हायचं, त्यात कुणाला काही वाटत नसे. पण माणसं गावात स्थिरावली, चार पैसे आले, तशी ती चाल लपवायची झाली. चित्रातलं नाव बघून मुलाकडचे काय म्हणतील, आत्या काय म्हणेल, हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी वैजापूरच्या एसटीत बसलो.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. आत्या ओसरीवर बसली होती. रंगनाथ खांबाला टेकून उभा होता. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नव्हते, हे सांगावं लागलं नाही.

मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "रंगनाथ, मी खोटं बोललो. ते नाव आत्याच्या हातावर आहे. आत्या, माझी चूक झाली. लोकांपुढं लावू का, हे मी नीट विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं असतंस तर मी नाय म्हणले असते," आत्या म्हणाली. "बस खाली."

मी बसलो. रंगनाथ उभाच.

"मी आंधळी हाय का रं?" आत्या म्हणाली. "तू काय काढतोस ते मला दिसत नव्हतं? लोक बघायला येणार, हे तूच सांगत होतास. चाळीस वर्सं झाली, पोराला तोंडानं सांगायला जमंना. कितीदा ठरवलं. म्हणलं, हा काढतोय तर काढू दे. कुणीतरी वाचंल, कुणीतरी विचारंल."

मग तिनं सांगितलं. तिचं पहिलं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं, कन्नडच्या घाटाखालच्या गावात. नवऱ्यामुलाचं नाव म्हाळू. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून जत्रेतल्या गोंदणाऱ्याला ते त्यानंच उच्चारून दाखवलं होतं, हसत हसत. पुढच्या साली बहात्तरचा दुष्काळ. दोघं दुष्काळी कामावर गेले. तळ्याची माती खणताना दरड कोसळली आणि तो खाली सापडला. त्याच्या जोडीला खणणारा त्याचा दोस्त होता. त्यानं हातांनी माती उपसून त्याला बाहेर काढलं, खांद्यावर घरी आणलं. वर्षानं दोन्हीकडच्या माणसांनी बसून आत्याचा त्याच दोस्ताशी पाट लावला. तेच आमचे मामा.

"हितली सासू म्हणली, बाह्या लांब शिव. मी शिवल्या. तुझा बाप कधी झाक म्हणला नाय. उलट दर साली त्या दिवशी जेवायचा नाय, पाणी पिऊन निजायचा. तुमाला सांगायचा, पोट दुखतंय."

रंगनाथ खाली बसला. मग म्हणाला, "मग मी कुणाचा?"

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आरं येड्या, तो गेला त्याच्यानंतर चार वर्सांनी झालास तू! आन् आरसा नाय का घरात? बापाचं नाक घेऊन हिंडतोय सगळीकडं आन् मला इचारतोय."

मला हसू आलं. ते दाबायला गेलो तर ठसका लागला. रंगनाथनं माझ्याकडं पाहिलं आणि तोही हसला, डोळे भरलेले असतानाच. उठून आत गेला, मला पाणी आणून दिलं. परत खांबाशी बसला आणि म्हणाला, "आई, त्याच्या मागं कोण हाय?"

"कुणी नाय. म्हातारा-म्हातारी गेली. भाऊबंद कुठं गेले, ठावं नाय."

"मग पित्राला त्याला पान कोण ठेवतं?"

आत्यानं डाव्या बाहीवरून हात फिरवला.

"यंदापासून बाच्या पानाशेजारी त्याचं बी ठेवू," रंगनाथ म्हणाला.

इतका वेळ सगळं कोरड्या डोळ्यांनी सांगणारी आत्या तेव्हा रडली. आम्ही दोघांनी तिला रडू दिलं.

राहिली मुलाकडची माणसं. रंगनाथ म्हणाला, लपवायचं नाही, विचारलं तर सांगायचं. रविवारी सुपारीला मीही गेलो. पेपर त्यांच्याकडं पोचला होता. पुरुषांची बैठक मांडवात, बायका आत. चहा झाल्यावर मुलाची आजी आतून म्हणाली, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पेपरातली म्हातारी कोणती? हात बघू."

रंगनाथची कानशिलं लाल झालेली मला दिसली. मी उठून दाराशी गेलो. आत्यानं बाही वर सारून हात पुढं केला होता. आजी चष्मा वर-खाली करत अक्षरं बघत होती.

"हे पहिलं?"

"व्हय."

"आन् दुसऱ्याचं?"

"दुसऱ्याचं गोंदलंच नाय. तो म्हणला, मी हाय की जित्ता, गोंदायला काय झालं."

आजी हसली. मग तिनं स्वतःच्या दोन्ही बाह्या वर केल्या. "माझी बघ. एक ह्या हाताला, एक त्या हाताला. सून म्हणती झाका, झाका. आता मी काय पेपरात येणाराय का?" आणि दारात उभ्या माझ्याकडं बघून म्हणाली, "तूच का तो? मग माझे कधी काढतोस?"

बायकांत हशा पिकला. मुलाच्या वडिलांनी मांडवात सुपारी पुढं घ्यायला सांगितलं.

त्या आजीचे हात मी पुढच्या महिन्यात काढले. समोर बसून आधी दोन्ही नावांची गोष्ट ऐकली आणि मग ब्रश उचलला. आता कुणाचंही काही काढण्याआधी मी सगळं नीट विचारतो. दोन-तीन चांगली चित्रं त्यामुळं हातची गेली आहेत. त्याचं वाईट वाटतं, पण सहन होतं. आत्याला नीट न विचारल्याचं निभावलं ते तिच्या शहाणपणामुळं, माझ्या नाही.

सुपारीच्या संध्याकाळी मी परतीच्या एसटीत बसलो. खिडकीशी जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडायच्या आत मला झोप लागली. तीन दिवसांची झोप होती ती. मधली गावं, थांबे, चढणारी-उतरणारी माणसं, काही कळलं नाही. खांदा हलवून कुणीतरी उठवलं तेव्हा गाडी संभाजीनगरच्या स्टँडवर उभी होती आणि सगळी बाकं मोकळी होती.

"काका," कंडक्टर म्हणाला, "उतरा आता. घरी जाऊन झोपा निवांत."